टर्मिनलमधला मेनू बनवायला कुठलं टूल घेऊ? नेहमी येणारे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांची छोटीमोठी सॉफ्टवेअरची कामं करतो. गेटपास, वजनाची नोंद, बॅकअप, असलं. त्यातलं निम्मं आजही काळ्या स्क्रीनवरच्या मेनूत चालतं आणि चांगलं चालतं. कॉलेजची पोरं, नवीन लागलेले सिस्टिमवाले, कधीकधी खुद्द कारखानदार फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

दादा, या जमान्यात टेक्स्ट मेनू कशाला? वेब पेज करा की.

करा की, कोण नको म्हणतंय. ज्याला महिन्यातून दोनदा रिपोर्ट बघायचाय त्याला वेब पेजच बरं. पण डिस्पॅचला बसलेल्या माणसाकडं एकदा बघा. टॉवेलची गाठ वजनकाट्यावर चढते, त्याची नजर काट्यावर, डावा हात वहीवर, उजव्या हाताची बोटं नंबरपॅडवर, तीन-एंटर-वजन-एंटर-एंटर, झालं, गाठ उतरली, स्क्रीनकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. हे माऊसनं होत नाही, आणि तिथं माऊस टिकतही नाही, कापसाचं तूस जाऊन जाऊन दर दोन महिन्यांनी त्याचं बटण बसतं. शिवाय तिथला पीसी म्हणजे ऑफिसमधून रिटायर होऊन आलेला, रॅम दोन जीबी, त्यावर ब्राउझर उघडेपर्यंत टेम्पोवाला हॉर्न मारायला लागतो. आणि रात्री काही अडलं तर मी घरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एसएसएच करून (म्हणजे लांबून त्या मशीनच्या टर्मिनलवर जाऊन) तोच मेनू जसाच्या तसा बघतो, हा फायदा बोनस.

थोडक्यात सांगा, कुठलं घेऊ?

टूलच्या आधी दोन गोष्टी बघा: बटणं कोण दाबणार, आणि कुठल्या मशीनवर. नावं नवीन वाटली तर खाली एकेकाबद्दल लिहिलंय. लिनक्सचा सर्व्हर आणि पाचसहा पर्याय असतील तर व्हिपटेल. फॉर्म, कॅलेंडर पाहिजे तर डायलॉग. वापरणारे तुम्ही स्वतः किंवा तुमच्यासारखेच असतील तर एफझेडएफ. चार खिडक्या, टेबल, लाइव्ह आकडे पाहिजेत तर पायथनमधलं टेक्स्च्युअल. दहा कारखान्यांत एकच फाइल कॉपी करून चालवायची असेल तर गोमधलं बबल टी. बहुतेकांचं काम पहिल्यावरच भागतं, पण पहिलं कुणालाच नको असतं, कारण ते निळं-करडं दिसतं.

बॅशमध्ये सिलेक्ट आहे ना, मग वेगळं टूल कशाला?

बॅश म्हणजे लिनक्सचं शेल, कमांड चालवणारा प्रोग्राम. त्यात सिलेक्ट आहे, आणि लोक ते विसरतात. पर्यायांची यादी दिली की तो नंबर लावून दाखवतो, पीएसथ्री नावाच्या व्हेरिएबलमध्ये तुम्ही लिहिलेला प्रॉम्प्ट देतो, उत्तर घेतो आणि ब्रेक म्हणेपर्यंत फिरत राहतो. काहीही इन्स्टॉल करायला नको. एक खोड आहे, नुसतं एंटर मारलं की सगळी यादी पुन्हा छापतो, वर छापलेलं निघून जातं. माझे स्वतःचे बॅकअपचे मेनू सगळे यातच आहेत.

अजून एक, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला हा साधा नंबरवाला मेनू रंगीत खिडक्यांपेक्षा कितीतरी सोपा पडतो, कारण ओळीमागून ओळ येते, स्क्रीनभर उड्या नाहीत. बबल टी वाल्यांच्या हूह नावाच्या फॉर्म लायब्ररीत त्यासाठी वेगळा मोडच दिलाय.

डायलॉग की व्हिपटेल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दोन्ही दिसायला भाऊभाऊ. शेल स्क्रिप्टमधून एका ओळीत बोलवायचं, निळ्या पडद्यावर करडी चौकट येते, बाण फिरवायचा, ओके. डायलॉग जुना, १९९४ च्या आसपासचा, आता थॉमस डिकी सांभाळतात, टर्मिनलवर खिडक्या काढायची एनकर्सेस लायब्ररीही तेच सांभाळतात. व्हिपटेल रेड हॅटच्या न्यूट लायब्ररीबरोबर येतो. तुम्ही तो बघितलाय, रास्पबेरी पायवर रास्पी-कॉन्फिग उघडलं की जे दिसतं ते व्हिपटेलच. आणि कर्नल कंपाइल करताना मेन्यूकॉन्फिगची जी स्क्रीन येते ती डायलॉगच्या वंशातली.

फरक कामात कळतो. व्हिपटेल डेबियन आणि उबुंटूवर बहुतेक वेळा आधीपासून असतो, हे मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण कारखान्यात इंटरनेट असेलच असं नाही. डायलॉग इन्स्टॉल करावा लागतो पण त्यात कॅलेंडर आहे, बरेच रकाने एका खिडकीत भरायचा फॉर्म आहे, फाइल निवडायची खिडकी आहे, टाइमआउट आहे, म्हणजे कुणी मेनू उघडा टाकून जेवायला गेलं तर तो आपोआप बंद होतो. कॅलेंडरची तारीख तो दिवस-महिना-वर्ष अशीच देतो, आपल्याला बरं पडतं. व्हिपटेलमध्ये मेनू, चेकलिस्ट, हो-नाही, एकेक इनपुट, पासवर्ड, प्रोग्रेसची पट्टी एवढं आहे, संपलं.

व्हिपटेलची एक खोच सांगून ठेवतो. पर्यायाचं नाव वजा चिन्हानं सुरू झालं की तो त्याला स्वतःचं ऑप्शन समजतो आणि चिडतो. मी पार्टीची बाकी मेनूत दाखवत होतो, एका पार्टीची बाकी उणे निघाली आणि मेनू उघडेनाच, तासभर मी पार्टीचं नाव तपासत बसलो. मजकुराच्या आधी नुसते दोन डॅश टाकायचे, म्हणजे त्याला कळतं की ऑप्शन संपली.

मी पर्याय निवडतो पण व्हेरिएबल रिकामंच राहतं, का?

कारण डायलॉग आणि व्हिपटेल दोघंही उत्तर स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका सांगायच्या वेगळ्या वाटेवर, पाठवतात. स्टँडर्ड आउटपुटवर ते चौकट काढत असतात, मग उत्तर दुसऱ्या दारानं द्यावं लागतं. डायलॉगला एसटीडीआउट नावाचं ऑप्शन आहे, ते दिलं की काम झालं. व्हिपटेलला ते नाही, तिथं एक आणि दोन नंबरच्या डिस्क्रिप्टरची (एक म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, दोन म्हणजे स्टँडर्ड एरर) अदलाबदल करावी लागते, तीन नंबरचा मधला हात म्हणून वापरून. वहीतल्या शेंगा चटणीच्या रेसिपीसारखं एकदा लिहून ठेवा आणि दर वेळी तिथूनच उतरवा, डोक्यातून लिहायला गेलात की एक बाण उलटा होतो.

एस्केप दाबलं तर काय होतं?

इथं मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा लांबण लावतो. टूल बंद होताना एक आकडा देतं, तो एक्झिट कोड: ओके दाबलं तर ०, कॅन्सलला १, एस्केपला २५५. नवीन पोरं कोड बघतच नाहीत, फक्त व्हेरिएबल बघतात, आणि केसमध्ये (कुठल्या उत्तराला काय करायचं ते लिहितात तिथं) शेवटी जो चांदणीचा, म्हणजे बाकी सगळ्यासाठीचा, पर्याय असतो त्यात काहीतरी खरं काम टाकून ठेवतात. मग माणूस एस्केप मारून बाहेर पडायला जातो आणि स्क्रिप्ट भलतंच काहीतरी चालवते. चांदणीत फक्त 'कळलं नाही' एवढा मेसेज ठेवा, दुसरं काही नको.

माझं झालं ते याच्या शेजारचं. एका कारखान्यात महिनाअखेरचा मेनू केला होता, त्यात 'जुना डेटा काढा' होतं, त्यावर हो-नाही विचारत होतो, मला वाटलं एवढी काळजी बास झाली. पण हो-नाहीच्या खिडकीत कर्सर उभा राहतो तो 'हो' वर. आणि ऑपरेटरची बोटं, वर सांगितलं तसं, एंटर-एंटरची सवय लागलेली. त्यानं एक पर्याय वर निवडला आणि दोन एंटर. रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण त्या दिवशीचे सकाळपासूनचे गेटपास वहीतून बघून बघून मी आणि तो, दोघांनी पुन्हा भरले. चूक पूर्ण माझी. डिफॉल्टनो नावाचं ऑप्शन दोन्ही टूलमध्ये आहे, ते लावलं की कर्सर 'नाही' वर उभा राहतो. आता असल्या जागी मी हो-नाही ठेवतच नाही, महिन्याचं नाव टाइप करायला लावतो.

अजून एक तक्रार येते, डायलॉगमध्ये एस्केप दाबलं की लगेच बंद होत नाही, अडकल्यासारखं होतं. तो बिघाड नाही. बाणाचं बटण दाबलं तरी टर्मिनल आधी एस्केपचाच कोड पाठवतं, म्हणून एनकर्सेस वाट बघतं की मागून अजून काही येतंय का, आणि ही वाट डिफॉल्टनं १००० मिलिसेकंद. एस्केडिले नावाचं व्हेरिएबल २५ वगैरे करून टाका. हॉटस्पॉटवरून येत असाल तर फार कमी करू नका, नाहीतर बाणाचे तुकडे होऊन विचित्र अक्षरं येतील.

एफझेडएफ आणि गमबद्दल लै ऐकतोय, काय आहे ते?

एफझेडएफ म्हणजे यादी द्या, दोनचार अक्षरं टाइप करा, यादी गाळत जाते. चारशे पार्ट्यांमधून एक शोधायची असेल तर बाण दाबत बसायचं का? तिथं याला तोड नाही. 'चाटी' टाइप केलं की चाटी गल्लीतली सगळी दुकानं पुढं. पण ज्या माणसाला टाइप करायचं नाहीय, फक्त १ ते ६ मधलं एक दाबायचंय, त्याला ते रिकामं प्रॉम्प्ट बघून घाबरायला होतं, हे मी बघितलंय.

गम हे बबल टी बनवणाऱ्या चार्मवाल्यांचं, दिसायला झकास, शेल स्क्रिप्टमध्येच वापरायचं, निवड, इनपुट, खात्री, फिरणारी चकली सगळं आहे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच. ग्राहकाकडं नाही टाकत, कारण तिथं वेगळं आणून बसवावं लागतं आणि उद्या दुसरा कुणी सांभाळायला आला तर त्याला व्हिपटेलचं मॅन्युअल मशीनवरच मिळतं.

पायथनमध्ये करायचंय.

तीन पायऱ्या आहेत. साधं इनपुट घेऊन नंबर विचारणं, हे आठपैकी सात वेळा पुरतं. मग कर्सेस मॉड्यूल, पायथनबरोबरच येतं, पण सगळं स्वतः काढायचं, कुठल्या ओळीवर काय, खिडकी लहान केली तर काय. त्यात रॅपर नावाचं फंक्शन आहे ते वापराच, प्रोग्राम मधेच मेला तरी टर्मिनल जागेवर आणून ठेवतं. विंडोजवर हे मॉड्यूल पायथनबरोबर येत नाही, विंडोज-कर्सेस नावाचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

आणि तिसरं टेक्स्च्युअल, विल मॅकगुगन यांनी सुरू केलेलं. बटणं, टॅब, टेबल, सीएसएससारखी स्टाइल, वर तेच अॅप ब्राउझरमध्येही चालवता येतं. काट्यावरचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचून मोठ्या अक्षरात सतत दाखवायचं होतं तिथं मी टेक्स्च्युअलच घेतलं, व्हिपटेलला ते जमणारच नव्हतं, तो एक प्रश्न विचारतो आणि मरतो. पण टेक्स्च्युअलला बऱ्यापैकी नवीन पायथन लागतं, आणि कारखान्यातला सर्व्हर सात वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेला असतो ज्याला हात लावायची कुणाची छाती नसते. आधी त्या मशीनवर पायथनची व्हर्जन बघा, मग डिझाइनची स्वप्नं बघा.

गो आणि रस्टचं काय?

बबल टी गोमध्ये, रॅटाटुई रस्टमध्ये. रॅटाटुई म्हणजे टीयूआय-आरएस नावाच्या जुन्या लायब्ररीची २०२३ मध्ये काढलेली शाखा, नेटवरची जुनी उदाहरणं वाचताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं. बबल टी एल्म नावाच्या भाषेच्या पद्धतीनं चालतं, एक मॉडेल, एक अपडेट, एक व्ह्यू, पहिले दोन दिवस डोकं धरायला होतं, मग आवडायला लागतं. मोठा फायदा म्हणजे एकच फाइल, पेनड्राइव्हवर घ्यायची, तिकडं टाकायची, चालू.

ऑफिसात सगळं विंडोज आहे हो.

बॅच फाइलमध्ये चॉइस कमांड वापरा, एक अक्षर दाबलं की पुढं, एंटरसुद्धा नको, टाइमआउट पण देता येतो. फक्त एररलेव्हल (कितवा पर्याय दाबला तो आकडा) तपासताना मोठ्या आकड्यापासून खाली या, कारण 'इफ एररलेव्हल २' चा अर्थ दोन किंवा त्याहून जास्त असा आहे. एकपासून वर गेलात तर काहीही दाबा, पहिलाच पर्याय चालतो, आणि पोरगं म्हणतं कीबोर्ड खराब आहे. त्याहून मोठं काही पाहिजे तर डॉटनेटमध्ये स्पेक्टर कन्सोल बघा, खिडक्या पाहिजेत तर टर्मिनल डॉट गुई.

आमचं जुनं क्लिपरमधलं सॉफ्टवेअर आहे, तसाच मेनू पाहिजे.

क्लिपर म्हणजे डॉसच्या काळातली डेटाबेसची भाषा. हे सोलापुरात अजून निघतं, सुताच्या व्यापाऱ्याकडं तर हमखास. ॲट, ओळ, रकाना, प्रॉम्प्ट, आणि शेवटी मेनू टू, बास, बाण फिरायला लागला. इतकं सोपं मेनूचं काम नंतरच्या कुठल्याच भाषेनं मला करून दिलेलं नाही. फेकून देऊ नका, हार्बर नावाचा फुकटचा, मुक्त कंपायलर आहे, क्लिपरचा जुना कोड बराचसा तसाच घेतो आणि लिनक्सवर, आजच्या विंडोजवर चालवतो. बोर्लंडचं टर्बो व्हिजन, १९९० मध्ये टर्बो पास्कल ६ बरोबर आलेलं, त्याचाही युनिकोडवाला आधुनिक पोर्ट मिळतो. म्हातारा मुनीम ज्या बटणांवर तीस वर्षं बसलाय ती बटणं बदलायचा हट्ट धरू नका.

मेनू मराठीत करता येईल का?

येईल, पण टूल कुठलंही घ्या, आधी टर्मिनल तपासा. बिनडेस्कटॉपच्या लिनक्स कन्सोलवर मराठी विसरा, त्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये अक्षरं दिसतात, पण प्रत्येक टर्मिनल वेगळं. काहींमध्ये 'दिवस' मधली वेलांटी द च्या मागं जाऊन बसते.

खरा त्रास रुंदीचा. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही, एका खान्यात एक अक्षर. 'सोलापूर' डोळ्याला चार अक्षरं. पायथनला लांबी विचारा, ७ म्हणतो, कारण काना, मात्रा, उकार त्याच्या लेखी वेगळे. सीमधल्या प्रिंटएफला रकाना आखायला लावा, तो बाइट मोजतो, म्हणजे २१. आणि टर्मिनल स्वतः किती खाने देणार ते काना-वेलांटीला वेगळा खाना द्यायचा की नाही, यातला कुठला नियम लावतंय त्यावर. टूलचा हिशोब आणि टर्मिनलचा हिशोब जुळला नाही की उजवीकडची उभी रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्या ठिकाणी, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या वाकड्या आरशात बघितल्यासारखी. त्यामुळं मराठी मेनू करायचा तर चौकट काढू नका, उजवीकडं काही ठेवू नका, नंबर डावीकडं आणि मजकूर त्याच्यापुढं मोकळा सोडा. माझे मराठी मेनू असेच आहेत, दिसायला साधे, पण वाकडे नाहीत.

आणि कीबोर्ड मराठीवर राहिला तर माणूस देवनागरी ३ टाइप करतो. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडा सरळ घेतं, त्याला फरक पडत नाही. बॅशच्या केसमध्ये मात्र दोन्ही आकडे उभ्या रेघेनं लिहावे लागतात.

शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यात तर मराठी का तेलुगू हाच प्रश्न असतो, एक जण मराठी वाचतो, दुसरा तेलुगू, तिसरा कुठलंच नाही पण आकडे पक्के. तिथं मी भाषेच्या भांडणात पडत नाही, नंबर कायमचे ठरवून देतो. ३ म्हणजे वजन, आज पण, पुढच्या वर्षी पण, मधे कितीही पर्याय आले-गेले तरी.

चौकटीच्या रेषांच्या जागी छोटे क्यू आणि एक्स दिसतायत.

पुट्टीवरून (विंडोजवरून लिनक्सला जोडायचा प्रोग्राम) बघताय, बरोबर? डायलॉग असेल तर 'एनकर्सेस नो यूटीएफएट एसीएस' हे व्हेरिएबल १ करा, सगळं कॅपिटलमध्ये, मधे अंडरस्कोर, यूटीएफ नंतर आठ आकडा. व्हिपटेलला हा उपाय लागू नाही, तो एनकर्सेसवर नाही, एस-लँगवर चालतो. आधी पुट्टीच्या ट्रान्सलेशनच्या पानावर यूटीएफ-८ आहे का बघा, अर्ध्या केसेस तिथंच मिटतात.

प्रोग्राम मेला आणि आता टाइप केलेलं दिसतच नाही.

न बघता 'रीसेट' टाइप करून एंटर मारा. नाही झालं तर 'एसटीटीवाय सेन'. टर्मिनल बंद करून उघडलं तरी चालतं, पण ते सांगायला मला फोन करू नका.

ऑपरेटर मेनूतून बाहेर पडून शेलमध्ये जाऊ नये, कसं करू?

मेनूलाच त्याचा लॉगिन शेल करा, किंवा एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये त्या युजरला फोर्सकमांड लावा, म्हणजे मेनू संपला की सेशनच संपतं. कंट्रोल-सी शेलच्या ट्रॅप कमांडनं अडवा. पण खरी भोकं वेगळीकडं असतात. रिपोर्ट पान-पान दाखवायला लेस नावाचा प्रोग्राम लावलात? त्यात उद्गारचिन्ह दाबून शेल उघडतो. लेससिक्युअर व्हेरिएबल १ करा, ते बंद होतं. व्हीआय एडिटर तर मेनूत देऊच नका.

रंग बदलता येतात का?

येतात. डायलॉगला डायलॉगआरसी फाइल, व्हिपटेलला न्यूट कलर्स नावाचं व्हेरिएबल. मे महिन्यात पत्र्याखाली उन्हाची तिरीप स्क्रीनवर असते, काळ्यावर पांढरं सोडून काही वाचता येत नाही. तेवढंच करा.

द्यायच्या आधी काय तपासता?

खिडकी ८० रकाने २४ ओळींची करून बघतो. प्रत्येक पानावर एस्केप, प्रत्येक पानावर कंट्रोल-सी. मधेच नेट तोडून बघतो, लांबून वापरणारे असतील तर टीमक्समध्येच चालवतो, म्हणजे लाइन गेली तरी काम तिथंच थांबून राहतं.

मग अर्धा दिवस ऑपरेटरच्या मागं स्टूल टाकून, तोंड बंद ठेवून बसतो. गेल्या वेळी असं बसलो तेव्हा बघितलं, सकाळी लाइट येऊन पीसी चालू झाल्यावर तो पहिल्यांदा ८ दाबायचा आणि मेनू वर सरकायचा, मग तो वैतागून वरच्या ओळीतला ८ दाबायचा. रोज. मला कधी बोलला नाही, त्याला वाटलं मेनू असाच असतो. मशीन सुरू होताना नमलॉक बंद होतं, नंबरपॅडचा ८ म्हणजे वरचा बाण झाला होता. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये नमलॉक चालू करणारी सेटलेड्सची एक ओळ टाकली.